काढा घ्या, पण बेताने

पावसाळा लागला की घरोघरी गवती चहाचा वास सुटतो. दोन कप पाणी, गवती चहाची चार-पाच पाती, बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, तुळशीची थोडी पाने, आणि मंद आचेवर पाचेक मिनिटे. भांड्यावर झाकण हवेच. गवती चहाचा गंध ज्या सिट्रालमुळे येतो, ते वाफेबरोबर उडून जाते. घसा खवखवत असताना या कपभर काढ्याने खरेच आराम वाटतो. सर्दीचा विषाणू मात्र त्याने मरत नाही.

इथवर ठीक. पण करोनाकाळात अनेक घरांत दिवसातून तीन-तीनदा काढे उकळले, हाती लागेल ते त्यात पडले. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वनस्पती नेमकी ओळखली गेली होती का, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप रास्तच, पण मग कुंपणावरची वेल तोडून आणणाऱ्याने ती कशी ओळखायची? ज्येष्ठमधाचेही तसेच. रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. वर्षाच्या आतल्या बाळाला तर काढ्यातूनही मध देऊ नये.

डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, भूक मेली, तर काढा थांबवून डॉक्टरांकडे जा आणि काय काय उकळून प्यायलात ते सांगा. ‘ते काय औषध आहे?’ म्हणून बहुतेकजण नेमके तेवढेच सांगत नाहीत.