दगडाचं मूळ गाव

बंगळूरच्या ऑफिसात नवीन कुणी भेटलं की विचारतं, ‘मूळ गाव कुठलं?’ निपाणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे महाराष्ट्र की कर्नाटक?’

परवा रामनगरला, ‘शोले’च्या टेकड्यांवर गेलो होतो. आपल्या निपाणीचा दगड काळा, बसाल्टचा. इथला मात्र ग्रॅनाइट, सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा. रामनगरचं जुनं नाव क्लोजपेट, म्हणून हा ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’.

ग्रॅनाइट कशापासून बनला, हे त्याच्या रसायनांवरून कळतं. रुबिडियमचा एक प्रकार फार सावकाश स्ट्रॉन्शियम-87 मध्ये बदलतो. पृथ्वीच्या कवचात रुबिडियम जास्त, त्याखालच्या प्रावरणात कमी. त्यामुळे जुनं कवच वितळून ग्रॅनाइट झाला असेल, तर त्यात जन्मापासूनच स्ट्रॉन्शियम-87 चं प्रमाण जास्त असतं. थेट प्रावरणातून आलेल्या शिलारसात ते कमी असतं.

क्लोजपेटच्या तपासणीत दोन्हींच्या खुणा सापडल्या. खालून शिलारस आला, वरचं जुनं कवच वितळलं आणि दोन्ही मिसळून हा खडक घडला.

पूर्वी त्या प्रश्नावर मी अडखळायचो. आता सरळ सांगतो: घरात मराठी, बाजारात कन्नड, गाव निपाणी.