सहलीचा मुहूर्त

परदेशी सहल ठरली की आपल्याकडं पहिला प्रश्न ‘कुठं?’ हा नसतो, ‘किती देश?’ हा असतो. मागच्या वेळी आम्हीही तेच केलं. आठ दिवसांत पाच शहरं. यजमानांच्या कॅमेऱ्यात हजारावर फोटो जमले, पण त्यात सासूबाई फक्त तिघांत, आणि त्यातल्या दोनांत बसच्या खिडकीशी पेंगलेल्या. बाकी वेळ त्या हॉटेलच्या खोलीत चिवडा आणि दशम्यांवर दिवस काढत होत्या.

त्यामुळं यंदा विषय निघताच त्या सरळ म्हणाल्या, ‘‘ना बरंगिल्ल. नीव होगि बर्री.’’ माहेर धारवाडचं. राग आला की कन्नडच येतं! त्या एक्काहत्तर वर्षांच्या. आता नाही तर पुन्हा कधी?

म्हणून या वेळी मी नकाशा बाजूला ठेवला आणि कुणाला कशावाचून चालणार नाही ते कागदावर मांडलं. यजमानांना उजेड, लेकीला नवी चव, सासूबाईंना देऊळ आणि निर्धास्त जेवण. त्यातून दोनच मुक्काम निघाले : व्हिएतनाममधलं होई आन आणि कंबोडियातलं अंगकोर.

आधी महिना. दसऱ्याच्या सुटीत जावं तर होई आनमध्ये पावसा-पुराचे दिवस. एप्रिल-मेमध्ये कंबोडियात अंगाची लाही होते. दोन्हीकडं बरा तो फेब्रुवारी-मार्च. फक्त व्हिएतनामी नववर्षाचे, ‘तेत’चे, दिवस टाळायचे, कारण तेव्हा बरीच दुकानं बंद असतात. म्हणजे मला रजा टाकणं आलं. टाकली.

मग तिथी. होई आनमध्ये चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री जुन्या पेठेतले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात. फोटो काढणाऱ्याला याहून काय हवं? आणि तिथले बरेच बौद्ध लोक महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. त्यांचा महिनाही आपल्यासारखा अमावास्येपाशीच बदलतो. म्हणजे पौर्णिमा साधली की कंदीलही मिळतात आणि ताटही. शाकाहाराला तिथं ‘चाय’ म्हणतात. तेवढा शब्द पाटीवर ओळखता आला तरी निम्मं काम झालं. एरवी मात्र जपून, कारण नुसत्या भाजीतही माशाचा रस्सा, ‘नुओक माम’, घालायची पद्धत आहे. लेकीला तिथल्या खास ‘काओ लाऊ’ शेवया खायच्यात. त्यात डुकराचं मांस असतं. तिनं दुसऱ्या टेबलावर बसावं, एवढाच करार.

होई आनहून तासाभरावर मी सनची विटांची शिवमंदिरं आहेत. चंपा राजांनी बांधलेली, १९६९च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरीच पडलेली. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथं दुरुस्तीचं काम करत होती. त्यांना २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. हे ऐकून सासूबाईंनी भाजी निवडायची थांबवली.

अंगकोरला तीन दिवसांचा पास घ्यायचा. तो ६२ डॉलरचा आहे, पण सलग तीन दिवस वापरायची सक्ती नाही. मध्ये एक दिवस विश्रांती घेता येते. म्हाताऱ्या माणसासाठी हे फार महत्त्वाचं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे साडीला प्रश्नच नाही.

विमान जाताना होई आनजवळच्या दानांगला आणि परतीचं सिएम रीपहून घ्यायचं, म्हणजे उलट प्रवास आणि दुसऱ्यांदा व्हिसा दोन्ही वाचतात. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली होती, तेव्हा तिकडून रस्त्यानं जायचा बेत नको, आणि तिकीट काढण्याआधी परिस्थिती पाहून घ्यावी.

एवढं झाल्यावर सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पौर्णिमेवर पेनानं गोल केला. मग मुलाला म्हणाल्या, ‘‘देवळापुढं माझा एक फोटो हवा. तोंड दिसायला पाहिजे.’’

यजमानांनी पहाटे पाचचा बेत केला होता. पण अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सूर्य मागून उगवतो, त्यामुळं देऊळ आणि माणूस दोन्ही काळे दिसतात. समोरून ऊन येतं ते दुपारनंतर. बेताच्या कागदावर आता लिहिलंय : ‘पहाटे पाच – देऊळ. दुपारी चार – आई.’