इतक्या लांब कोण राहतं?

ऑफिसात लेट मार्क लागला की हा प्रश्न ठरलेलाच : "अरे, पण इतक्या लांब राहतोस कशाला?" विचारणारा दादरचा, आजोबांच्या पागडीच्या घरात राहणारा. मी डोंबिवलीकर.

मंडळी, हा प्रश्नच उलटा आहे. डोंबिवली लांब नाही, ऑफिसं लांब आहेत!

२००१ ते २०११ या काळात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. २०११ च्याच जनगणनेत कल्याण-डोंबिवली १२ लाखांच्या वर, वसई-विरारही तेवढंच. म्हणजे माणसं कधीच वर सरकली. फोर्ट, नरीमन पॉइंट, लोअर परळ, बीकेसी मात्र खालच्या चिंचोळ्या पट्ट्यातच. म्हणून सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेला. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा लोड एकाच सर्व्हरवर, आणि आपण काय करतोय, तर केबल जाड करतोय.

कोस्टल रोड झाला. २०२४ मध्ये जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू झाला. दोन्हींवर दुचाकीला बंदी, लोकलचा तर प्रश्नच नाही. ९ जून २०२५ ला, सोमवारी सकाळी, मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून माणसं पडून मेली. नंतर चर्चा कशाची? तर बंद होणाऱ्या दरवाज्यांची. ऑफिसं हलवण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

बरं, उपाय काही नवा नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्येच खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं होतं. १९७० मध्ये सिडको आली. मूळ कल्पना नुसती घरं बांधायची नव्हती. नोकऱ्या, त्यातही सरकारी कचेऱ्या, तिकडे न्यायच्या होत्या. घरं गेली. मंत्रालय जागचं हललं नाही, उलट त्याच्याच शेजारी नरीमन पॉइंटला भरावावर टॉवर उभे राहिले.

"कंपन्या कुठे जाणार ते बाजार ठरवतो," असं कोणी म्हणेलच. मग बीकेसी काय बाजाराने वसवलं? एमएमआरडीएने वसवलं राव! सरकारने मनात आणलं तर दलदलीतही ऑफिसं उभी राहतात. कल्याणलाच का नाही?

तेव्हा सुरुवात सरकारनेच करावी. मंत्रालयातली चार खाती कल्याणला हलवा. सकाळच्या उलट्या गाडीत साहेबांना बसायला जागाही मिळेल. आणि मग बघू, "इतक्या लांब राहता कशाला?" हे कोण कोणाला विचारतं ते.