भानामती आणि अपसामान्यतेची कसोटी

माणसाचे वागणे, वाटणे आणि विचार करणे सर्वसाधारण चाकोरी सोडते तेव्हा नेमके काय घडते याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा म्हणजे अपसामान्य मानसशास्त्र, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतून निघणाऱ्या दिवाळी अंकाने हा विषय हाती घेतला की भानामतीला वळसा घालता येत नाही. घरावर दगड पडणे, कपडे आपोआप पेटणे, बायका एकाएकी भुंकू लागणे अशा ज्या प्रकारांना या पट्ट्यात आणि मराठवाड्यात भानामती म्हणतात, त्यांपैकी काहींमागे कुणाची तरी हातचलाखी असते; परंतु भुंकण्यासारख्या लक्षणांमागे पुष्कळदा परिवर्तन विकृती असते, म्हणजे बोलून दाखवता न येणारा ताण शरीराच्या लक्षणांतून बाहेर पडत असतो.

या लक्षणांचा अर्थ लावण्याचा इतिहास सरळ रेषेत, अंधश्रद्धेकडून विज्ञानाकडे, गेला असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. चरकसंहितेने उन्मादाचे पाच प्रकार सांगताना वात, पित्त, कफ आणि त्यांचा सन्निपात यांच्याबरोबर बाहेरून येणारा आगंतु उन्मादही मानला, म्हणजे देहदोष आणि भूतबाधा ही दोन्ही स्पष्टीकरणे एकाच ग्रंथात शेजारी नांदली. पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांनी हिस्टेरियाचे मूळ मज्जासंस्थेत शोधले, तर त्यांच्याकडे शिकून गेलेल्या फ्रॉइड यांनी ब्रॉयर यांच्यासह 1895 मध्ये ते दडपलेल्या आठवणींत दाखवले. वसाहतकालीन भारतात मात्र उपचारापेक्षा बंदोबस्त मोठा ठरला. 1864 मध्ये नागपुरात मनोरुग्णालय उभे राहिले आणि 1912 च्या कायद्याने रुग्णाला 'वेडा' हीच संज्ञा दिली. मनाचे उपचार गावपातळीवर नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1982 मध्ये आला, ज्या वर्षी गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. तरी त्या जिल्ह्यातल्या भामरागड-सिरोंच्याच्या माणसाला मनोविकारतज्ज्ञापेक्षा पुजारी आजही जवळचा आहे.

अपसामान्य कशाला म्हणावे यासाठी शास्त्राकडे काही कसोट्या आहेत: वर्तन विरळ असणे, समाजाच्या रूढ नियमांत न बसणे, व्यक्तीला त्याचा त्रास होणे आणि रोजचे जगणे त्यामुळे अडणे. यांतील दुसरी कसोटी किती दुबळी आहे हे 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे दिसले, जेथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्धांसह सात दलित स्त्री-पुरुषांना बांधून मारहाण झाली. मारणारे त्या क्षणी जमावाच्या नियमाला धरून वागत होते. नियमभंग हीच अपसामान्यतेची खूण मानली तर ते सारे 'सामान्य' ठरतात.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही फट ओळखली आणि समाजातील प्रचलित नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धर्मश्रद्धांशी न जुळणे एवढ्यावरून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे स्पष्ट केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्तीही याच वाटेने जाते: अंगात येणे हे समाजमान्य धार्मिक विधीचा भाग असेल तर ती विकृती नव्हे, पण ते नकोसे, अनावर आणि जगणे अडवणारे असेल तर उपचाराचा विषय होय. त्यामुळे जत्रेत अंगात येणाऱ्या बाईला रुग्ण म्हणण्याची घाई डॉक्टरने करू नये, आणि घरात भुंकणाऱ्या सुनेला कुणाची करणी बाधली हे शोधत गावाने शेजाऱ्याचे दार ठोठावू नये; तिच्यावर काय ओढवले आहे, हे आधी तिलाच विचारावे लागते.