उद्यानाचा आराखडा आणि कष्टकऱ्यांचा हक्क

तंजावर नगरपालिकेने १८७१-७२ साली बृहदीश्वर मंदिराशेजारी शिवगंगा उद्यान उभारले. 'स्मार्ट सिटी' योजनेत २०१६ साली शहराची निवड झाली व त्या योजनेखाली या उद्यानाचे नूतनीकरण हाती घेण्यात आले. उद्यान सुधारण्यास कोणाचाच विरोध नाही. प्रश्न आहे तो, आराखडा कोणी केला आणि कोणासाठी, हा.

तमिळनाडूतील शहरांत ऑक्टोबर २०१६ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते. निवडणुका लांबणीवर टाकून कारभार अधिकाऱ्यांच्या हाती ठेवला गेला. 'स्मार्ट सिटी'ची कामे तर स्वतंत्र कंपनीकडेच सोपविलेली होती. ज्यांचे उद्यान, त्यांना मत मांडावयास सभागृहही उरले नाही.

उद्यानाचा प्राण म्हणजे शिवगंगा तळे. शेवप्पनायक तलावातील पावसाचे पाणी जमिनीखालील नाल्याने या तळ्यात आणण्याची जुनी व्यवस्था होती. वरचा पाट बुजला की खालचे शेत मरते, हे कावेरीकाठचा प्रत्येक शेतकरी जाणतो. उद्यानाची आखणी करणाऱ्यांनी सुरुवात रोषणाईपासून नव्हे, या पाण्यापासून केली पाहिजे.

शिवाय तंजावर हे केवळ शहरवासीयांचे नाही. त्रिभुज प्रदेशातील खेड्यांतून शेतमजूर स्त्रीपुरुष इस्पितळासाठी, कचेरीसाठी, बाजारासाठी तेथे येतात. याच भागात दलित सालदारांना चाबकाचे फटके व शेणपाणी पाजण्याची शिक्षा होत असे, कॉ. बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याने तिच्याविरुद्ध लढा दिला. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे मजुरीवाढीच्या लढ्यात २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले. अशा भूमीत सार्वजनिक जागी ताठ मानेने बसणे ही करमणूक नव्हे. तो झगडून मिळविलेला हक्क आहे.

मुंबईच्या कॉम्रेडांना हा प्रश्न परका नाही. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर २०२४ साली उद्यानासाठी देण्याचे ठरले. उरलेले ९१ एकर मात्र तीस वर्षांच्या कराराने घोड्यांच्या शर्यतींकडेच राहिले.

म्हणून प्रत्येक शहरातील आपल्या शाखांनी आग्रह धरला पाहिजे: आराखडा स्थानिक भाषेत वस्तीसभांपुढे यावा, प्रवेश विनामूल्य असावा, काम सुटल्यानंतरही फाटक उघडे असावे, पिण्याचे पाणी, सावली व स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे आधी व्हावीत, माळी व सफाई कामगार कंत्राटी नसून कायम असावेत. ज्या उद्यानात शेतमजूर स्त्रीला घटकाभर विसावता येत नाही, ते कितीही सुशोभित झाले तरी जनतेचे म्हणता येणार नाही.