गियर खरखरला, तर आधी कारण शोधा



आपल्या वस्त्यांमधून आता जुन्या चारचाकी गाड्या बऱ्याच दिसतात. कोणी पतसंस्थेचे कर्ज काढून सेकंडहँड मारुती ८०० घेतली, कोणी जुन्या ओम्नीतून जेवणाचे डबे पोहोचवतो. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, ओम्नीचे २०१९ साली. म्हणजे या गाड्या वयस्क झाल्या. गियर टाकताना 'कर्रर्र' असा आवाज आला, की घरातल्या माणसांच्या पोटात गोळा येतो. कारण गाडी थांबली की चूल थांबते.

आमच्या भागातल्या एका ओम्नीवाल्या भावाला गॅरेजमध्ये आवाज ऐकताक्षणीच सांगितले गेले, "गियरबॉक्स खोलावा लागेल." मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेली रक्कम मोडायची वेळ आली. त्याच्या पत्नीने मात्र विचारले, "न तपासता कसे कळले?" दुसऱ्या, जाणत्या मिस्त्रीने पाहिले तर क्लचची वायर सैल झाली होती. नट आवळला, आवाज गेला. मुलीची फी वाचली.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते. कोणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. प्रत्येक गोष्टीला कारण असते. गियरच्या खरखरीलाही आहे.

गियरबॉक्समध्ये दातेरी चाके वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. क्लच दाबला की इंजिनचा जोर तुटतो. मग सिंक्रोची पितळी रिंग ब्रेकसारखी घासून दोन्हींची गती सारखी करते आणि गियर अलगद बसतो. क्लच पूर्ण सुटला नाही किंवा रिंग झिजली, तर दातांवर दात आपटतात. तीच ती खरखर.

आता तपासणी. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करा.

पहिली गोष्ट, इंजिन बंद ठेवून सर्व गियर टाकून पाहा. बंद असताना सहज पडतात, पण चालू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स खरखरतात, तर संशय क्लचवर घ्यावा.

दुसरी, इंजिन चालू करून क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. थांबल्यावर आवाज येत नसेल तर काळजी नको. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, घाई केली की तो ओरडतोच. आधी पहिला गियर टाकून मग रिव्हर्स टाकावा. थांबूनही खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही. वायरची सैल चाल गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने बसवून घ्या. वायर फार आवळली तर क्लच घसरतो आणि प्लेट जळते, हेही लक्षात ठेवा.

तिसरी, चालत्या गाडीत एकाच गियरला आवाज येतो का? समजा, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना. अशा वेळी क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडून किंचित रेस द्या, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. असे केल्यावर गियर गुपचूप बसला, तर त्या गियरची रिंग झिजली असे समजावे. हे काम मात्र गियरबॉक्स खोलूनच होते.

चौथी, सकाळी थंड गाडीत सगळेच गियर जड जातात काय? गियर ऑइल कमी, जुने किंवा चुकीचे असू शकते. गाडीखाली फरशीवर तेलाचे थेंब पाहा. ऑइल काढले तर बोटावर घेऊन बघा. बारीक पितळी चुरा म्हणजे रिंगची झीज. लोखंडाचे तुकडे निघाले तर गाडी चालवू नका, गियरबॉक्स खोलून घ्या.

आणखी एक खूण. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर गियरबॉक्समधील बेअरिंग तपासून घ्यावे. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचे रिलीज बेअरिंग पाहावे.

खरखरणारा गियर जोर लावून कोंबू नये. आज रिंग गेली असेल, तर उद्या दात जातात आणि खर्च कितीतरी वाढतो.

भगिनींनो, एक वही करा. आवाज कोणत्या गियरला, थंडीत की गरम झाल्यावर, कधीपासून, ऑइल कधी बदलले, बिल किती झाले, सारे तारखेसह लिहा. गॅरेजमध्ये जाताना ती वही बरोबर न्या आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्या. मिस्त्री आपला शत्रू नाही. नोंद घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाशी तोही नीट बोलतो.

बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले. तो प्रश्न गॅरेजच्या दारातही विचारावा. घामाचा पैसा आहे, तो कारण कळल्यावरच खर्च व्हावा.

जयभीम! नमो बुद्धाय!