सायलेन्सर चिरडा, पण बोल्टही तपासा

जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे, वरून रोडरोलर फिरवायचा आणि फोटो काढून घ्यायचा. पुण्यात झालं, नागपुरात झालं, दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे होतंच. माझी त्याला अजिबात हरकत नाही. मध्यरात्री गल्लीतून फटाके वाजवत जाणाऱ्याला कुणीतरी चाप लावायलाच हवा. पण ज्याचा आवाज होतो तेवढंच आपल्याकडे पकडलं जातं. ज्यानं माणूस मरेल असं काम मुकाट टोलनाका ओलांडून जातं. आणि ज्यानं माणूस वाचेल, ते काम कायद्याच्या लेखी त्या सायलेन्सरच्याच रांगेत उभं असतं.

मी लेथवाला. राहायला वैतरणा स्टेशनजवळ, वर्कशॉप बोईसरला. पोट चालतं ते तारापूर एमआयडीसीच्या कामावर: पंपांचे शाफ्ट, स्लीव्ह, बुश. गाड्यांची पोरं येतात ती रविवारी. वसई-विरारची, पालघरची, वापीचीसुद्धा. कुणाची ऑक्टाव्हिया, कुणाची जुनी बीएमडब्ल्यू. पाटी बरेचदा दमणची, डीडी ०३. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला वीस टक्के वाहन कर आणि दमणला त्यापेक्षा कितीतरी कमी, म्हणून. गाडी दमणची, मालक बोरिवलीचा, हे आमच्याकडे कुणालाच नवल वाटत नाही.

आमच्या उमेदीत ‘इम्पोर्टेड’ म्हणजे इंजिन. अख्खी गाडी आणायची कुणाची टाप नव्हती. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जपानी इंजिनं मिळायची, टोयोटा, इसुझू, निस्सान, आणि ती पद्मिनी नाहीतर अॅम्बेसिडरच्या पोटात बसवायची. माउंटिंग नव्यानं बनवा, बेलहाउसिंगला अॅडॉप्टर प्लेट लावा, प्रॉपेलर शाफ्ट कापून जोडा. त्यात हौस नावालाही नव्हती. पेट्रोल परवडत नव्हतं म्हणून डिझेल घालायचं, एवढाच हिशेब. सचिन तेंडुलकरला २००२ साली फेरारी भेट मिळाली, तिच्या कस्टम ड्युटीवरून देशभर चर्चा झाली, पुढे २०११ च्या सुमारास ती सुरतच्या एका व्यापाऱ्याला विकली गेली, तेव्हा आम्ही म्हटलं, चला, आता आपल्याच मुंबई-अहमदाबाद हायवेवर, वरच्या बाजूला आली.

आजच्या पोरांचा हिशेब वेगळा आणि बोलीही वेगळी. कंपनीतून आली तशी गाडी म्हणजे ‘स्टॉक’, आणि ते म्हणताना चेहरा असा, जणू पोरगं नापास झालंय. कॉम्प्युटरमधलं इंजिनाचं सेटिंग बदललं की ‘स्टेज वन’. टर्बोच्या मागचा पाइप मोठा केला, म्हणजे ‘डाउनपाइप’ टाकला, की ‘स्टेज टू’. स्प्रिंगा बदलून गाडी खाली घेतली की ‘गाडी बसवली’. टायर आणि मडगार्डमधली फट दिसता कामा नये. चाकं वरून आत कलती ठेवून मिरवायची, तो ‘स्टान्स’. आणि बाहेरून अगदी साधी, आतून भलतीच तयार, ती ‘स्लीपर’. स्कोडानं २०२० मध्ये भारतात ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या फक्त दोनशे गाड्या आणल्या. त्यातली एखादी हायवेवर मस्तान नाक्याला चहाला थांबली, तर पोरं आधी वाकून तिचे ब्रेक बघतात, मालकाकडे नंतर.

मला स्वतःला स्लीपर आवडते. स्टान्स मला पटत नाही, आणि तेही सोडा, आमचा रस्ता बघा. दहिसर ते अच्छाड या टप्प्यात व्हाइट टॉपिंगचं, म्हणजे डांबरावर काँक्रीट चढवायचं, काम चाललं तेव्हा दोन लेनमध्ये एवढी उंचसखल पातळी होती की साध्या गाडीचा तळ घासायचा. बसवलेल्या गाडीचं काय होत असेल? आणि ते ‘पॉप्स अँड बँग्ज’! अॅक्सिलरेटर सोडल्यावर मुद्दाम उशिरा स्पार्क द्यायचा, पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटवायचं, म्हणजे मागून ठो-ठो वाजतं. त्यात ना वेग ना ताकद. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते ती लागतेच. हे काम घेऊन आलेल्याला मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

आता जे काम मी घेतो ते. मर्सिडीजचे जुने अलॉय स्वस्तात मिळतात आणि ऑक्टाव्हियाला बसतात, कारण दोन्हीकडे पाच बोल्ट, ११२ च्या पीसीडीवर, म्हणजे ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर. पण मर्सिडीजच्या चाकाचं मधलं भोक ६६.६ मिलिमीटर आणि ऑक्टाव्हियाचा हब ५७.१. उरलेली फट भरायला अॅल्युमिनिअमची रिंग लागते. नाही घातली तर चाक मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. ही रिंग मी लेथवर काढतो. आतून-बाहेरून व्हर्निअर लावून, हातानं दाबल्यावर बसेल आणि खडखडणार नाही अशी. अर्ध्या तासाचं काम.

खरी गोम बोल्टमध्ये आहे. स्कोडा-फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोल असतं, चेंडूसारखं. बाजारातल्या बहुतेक अलॉयमध्ये ती जागा निमुळती, शंकूसारखी. गोल बोल्ट निमुळत्या जागेत घातला तर तो आवळला जातो, पाना लागतो, सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात तो एका बारीक रेघेवर टेकलेला असतो. शेकडो किलोमीटरनंतर तो सैल होतो. त्यात मध्ये पंधरा मिलिमीटरचा स्पेसर घातला आणि बोल्ट जुनाच ठेवला, तर हबमध्ये फारच थोडे आटे धरतात. निदान सहा-सात तरी धरायला हवेत. असं चाक लावलेली गाडी वैतरणेच्या पुलावर शंभरनं जाते आणि कुठल्याही नाक्यावर कुणाला कळत नाही. आवाजच नाही ना तिचा.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर शिक्षा आली: प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता एकानं मोठे ब्रेक लावले, ज्यामुळे गाडी लवकर थांबेल, आणि दुसऱ्यानं सायलेन्सर कापला. कलम वाचा, दोघांत फरक सापडतो का बघा.

वाट काढता येत नाही असंही नाही. सीएनजीचं उदाहरण रस्त्यावरच आहे. मंजूर किट घ्या, अधिकृत माणसाकडून बसवा, आरटीओत जा, आरसीवर नोंद होते. म्हणजे गाडीत दोनशे बार दाबाचं सिलिंडर बसवायला आपल्याकडे रीतसर सोय आहे, आणि चार ब्रेक कॅलिपर बसवायला नाही. दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायलाही याच कलमात जागा आहे. केंद्रानं परवानगी दिलेला बदल करता येईल, असंही तिथे लिहिलंय. जर्मनीत बाहेरचा पार्ट लावला तर त्याचं प्रमाणपत्र दाखवायचं किंवा तपासणी करून गाडीच्या कागदांवर चढवायचं, ही कित्येक वर्षांची पद्धत आहे. आपणही युरोप-जपानच्या कागदांवर विश्वास ठेवतोच की! २०१८ पासून परदेशी कंपन्यांना वर्षाला अडीच हजारापर्यंत गाड्या इथली वेगळी चाचणी न करता आणायची मुभा आहे. २०२५ साली आलेली, पन्नास लाखांवरची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय अशीच थेट बाहेरून आली. अख्खी गाडी चालते, मग त्याच प्रमाणपत्राची ब्रेकची जोडी का चालू नये? पुण्याला एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, १९६६ पासून. तपासायला माणसं आणि यंत्रं नाहीत असं तर कुणी म्हणू शकणार नाही.

लोक लगेच म्हणतील, हायवेवर आधीच इतके मरतात, यांना आणखी मोकळीक कशाला? चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ ला अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ती मर्सिडीज कुणी मॉडिफाय केल्याचं कधी ऐकलं नाही. पुलापाशी अरुंद होणारा रस्ता, वेग आणि मागच्या सीटवर न लावलेले पट्टे, यांचीच चर्चा झाली. वेगाला कॅमेरा लावा, दंड करा, लायसन्स काढून घ्या, मी टाळ्या वाजवीन. पण आज जी पोरं लपून काम करतात ती स्वस्तातल्या माणसाकडे जातात, आणि स्वस्तातला माणूस बोल्टचं डोकं बघत नाही. नोंद करायची सोय झाली तर निदान एक इन्स्पेक्टर तरी चाक काढून बघेल.

परिवहन खात्यानं सुरुवात तीनच गोष्टींनी करावी: ब्रेक, चाकं, सस्पेन्शन. मंजूर पार्टांची यादी, बसवणाऱ्याचा परवाना, आरसीवर नोंद. आवाज आणि धूर वाढवणाऱ्या सगळ्यावर रोलर खुशाल चालू ठेवा.

आणि पोरांनो, तोवर एवढं करा. अलॉय घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराकडून त्या चाकाचे बोल्टही मागून घ्या, आणि बसवल्यावर पन्नास-एक किलोमीटरनी टॉर्क रेंच लावून पुन्हा तपासा. ऑक्टाव्हियाला १२० न्यूटन-मीटर.